सिंधूताईचे दोन हात

“आता मी जे सांगनार हावो, ते इथं बसलेल्या एकाच्याही बापाले खरं वाटनार नाई,” लसणाच्या गड्ड्या तराजूत टाकत निवृत्ती म्हणाला. “म्हनून अगोदरच सांगून ठेवतो. मानू नका. नुसतं ऐका.”

“मंग सांगतो कायले?” शेजारी वांगी मांडून बसलेली वच्छलाबाई बोलली. “मागच्या बाजारी तुह्या गावचा रेडा एस्टीचं टिकिट काढून मलकापूरले गेला व्हता. तो आला का वापस?”

“नाई. त्याले तिकडं नोकरी लागली.”

मोताळ्याचा बाजार दुपारी सुस्तावला की शंकररावाच्या हॉटेलापुढच्या निंबाखाली असा घोळका जमायचा. लसूण बाजारात चार ठिकाणी मिळे आणि निवृत्तीपेक्षा बरा मिळे. थाप मात्र एवढ्या मापाची दुसरीकडे कुठं मिळत नसे. खैरी गाव सोडून तो इकडं आला त्याला बरीच वर्षं झाली होती. तिथं तो कुणाकडे तरी सालदार होता, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबत होता, इतकंच लोकांना ठाऊक. रेड्याचं, भुताचं, तहसीलदाराच्या घोड्याचं तो पोटभर सांगे. स्वतःचं कधी सांगत नसे. आज हॉटेलाच्या बाकावर एक म्हातारी बाईही एस्टीची वाट पाहत बसली होती. पदर कपाळावर ओढलेला, हात गाठोड्यावर. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

“महाराष्ट्र तवा नवा नवा झाला व्हता,” निवृत्तीनं सूर लावला. “आमच्या खैरीत पंचायतीचे नऊ मेंबर. चार गुलाबराव पाटलाचे. गुलाबराव म्हनजे कसा मानूस? सूर्य त्याच्या वावरामांगून निंघे, तर हा म्हने, आधी भाडं दे. ज्याचं ते त्याचं, रीत मोडली का गाव मोडलं, हे त्याचं धोरन. अन् चार मेंबर इंद्रभानचे. तो अकोल्याच्या मिलमधून लाल झेंडा घिऊन आल्ता. तो म्हने, सगळं सगळ्याइचं. त्याच्या घरी कोंबडीनं अंडं देल्लं, तरी तो आधी सभा घे.”

“पाटलाचे चार कोन कोन?” कपबशी विसळत शंकररावानं विचारलं.

“एक गुलाबराव, एक त्याचा भाऊ, एक त्याचा साडू. अन् चौथा...” निवृत्ती जरा अडखळला. “चौथा असाच कोनीतरी. त्याच्या जागी घोंगडं टाकलं असतं तरी चाललं असतं.”

“अन् नववा?”

“नववी. सिंधूताई.”

इथं निवृत्तीचा आवाज थोडा खाली आला. सिंधूताई बौद्धवाड्यातली. पंचायतीत बायांची जागा भरायची म्हणून तिला बसवलेलं. दिवसभर गुलाबरावाच्या वावरात कापूस वेचायचा आणि सभेला कोपऱ्यात बसायचं. बौद्धवाड्याच्या बायांना विहिरीवर चढायची मुभा नव्हती. खाली घागरी मांडून ताटकळायचं. वरच्या कुणाला दया आली तर तो हात लांब ठेवून वरून धार सोडे. धर्म बदलल्यावर या बायांनी ते ताटकळणं सोडलं. नाल्यात खड्डा उकरायचा, त्यात झिरपेल तेवढं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं. त्या झिऱ्याचं पाणी पिऊन एका उन्हाळ्यात सिंधूताईची नात गेली.

हे सांगताना निवृत्तीनं थाप लावली नाही. वच्छलाबाईनं वांग्यांवर पाणी शिंपडायचं थांबवलं.

“मंग सरकारनं एक हीर मंजूर केली,” त्याचा आवाज पुन्हा वर आला. “एकच. पानाड्यानं गाव पालथं घातलं अन् सांगितलं, पानी हाय ते गुलाबरावच्या बांधाजवळ. बाकी खाली समदा खडक. झालं. गुलाबरावनं ठराव मांडला, हीर माह्या वावरात खांदा. इंद्रभाननं मांडला, हीर समद्या जातीइची, ज्यानं त्यानं आपल्या हातानं पानी काढावं. इंद्रभान म्हने, हीर गावठानात खांदा, पाटलाच्या वावरात सरकारी हीर गेली, म्हनजे ती पाटलाच्या घशात गेली. पाटील म्हने, माह्या जमिनीवर कोन चढन ते मी ठरवीन. असं भांडले, असं भांडले, का आढ्यावरच्या पालीनं राजीनामा देल्ला अन् शाळेत जाऊन राह्यली. चार इकडं, चार तिकडं. ग्रामसेवकाची एस्टी चुकली, दुसऱ्या दिवसाची बी चुकली.”

“अन् तुह्यी सिंधूताई कोनाची?” शंकररावानं विचारलं. “लाल्याची का पाटलाची?”

“तेच तर दोघंही इचारत व्हते. पाटील म्हने, माह्यं काम करते, माह्यीच. इंद्रभान म्हने, मजूर हाय, आमचीच. घागरीले कोनी इचारलं नाई. मंग ती उठली. ज्या बाईनं आजवर पंचायतीत शिंक बी देल्ली नोयती, ती उठली. म्हने, इंद्रभानभाऊ, तुमच्या बोलन्यात पानी समद्याइचं हाय, पन तिथं पानीच नाई. पाटील, तुमच्या बोलन्यात पानी हाय, पन ते आमचं नाई. मले दोन्ही पाह्यजे.”

“वा,” शंकरराव म्हणाला. हातातली कपबशी गळत राहिली.

“ग्रामसेवक म्हने, पाटलाच्या ठरावाले हात वर करा. चार वर गेले. अन् पाचवा सिंधूताईचा. इंद्रभान ताडकन उठला. म्हने, फितूर झाली. गुलाबराव मिशीतल्या मिशीत हासला. ग्रामसेवक म्हने, ठराव पास. आता इंद्रभानच्या ठरावाले हात करा. चार वर गेले. अन् सिंधूताईनं...” निवृत्तीनं तराजू खाली ठेवला आणि दोन्ही हात आभाळाकडं ताणले. “पयला खाली न घेता दुसरा वर केला. असे. दरोडेखोरानं बंदूक रोखल्यावानी. दोन्ही ठराव पास. हीर पाटलाच्या वावरात, अन् पानी समद्या गावाचं.”

“अगंबाई,” वच्छलाबाई म्हणाली.

“गुलाबरावच्या तोंडातला इडा मांडीवर पडला. त्याचा भाऊ बसल्या बसल्या बहिरा झाला तो आजवर. इंद्रभानले तर हासावं का रडावं तेच समजेना. समदं त्याच्या मनासारखं झालं, पन पाटलाच्या वावरात. ग्रामसेवक खुर्चीत बसाले गेला अन् खुर्ची व्हती दोन हात मागं.”

घोळका खदखदा हसला. निवृत्तीला आता रंग चढला. विहीर खोदायला कुणी येईना म्हणून सिंधूताईनं एकटीनं पहिली कुदळ मारली, मग बौद्धवाडा आला, मग तोंड लपवत निम्मं गाव आलं, असं त्यानं सांगितलं. आणि पाणी लागलं तेव्हा ते असं उसळलं की काठावर उभ्या गुलाबरावाचं पागोटं वर गेलं आणि रोहिणखेडच्या मशिदीपाशी जाऊन पडलं. तिथल्या मौलवीनं ते धुऊन, घडी घालून परत पाठवलं.

“अन् पयली घागर?” वच्छलाबाईनं विचारलं.

“सिंधूताईनं काढली. वर चढून. आपल्या हातानं.”

वच्छलाबाईनं वांगी बाजूला सारली. मग म्हणाली, “दोन हात कसे केले व्हते, पुन्यांदा दाखव.”

निवृत्तीनं खुशीत दोन्ही हात वर नेले.

“खोटं.”

आवाज बाकावरून आला होता. म्हातारीनं पदर कपाळावरून मागं सारला होता. निवृत्तीनं तिकडं पाहिलं आणि त्याचे हात होते तिथंच राहिले.

“खोटं बोलून राह्यला तू, निवृत्तीभाऊ,” ती म्हणाली. “बोलली मी, हे खरं हाय. बोलाले जीभ पुरते. पयला हात बी माहाच. तो पाटलाच्या बाजूनं व्हता, त्याले भेव कायचं? दुसऱ्या बारीले गुलाबरावनं माह्याकडं पायलं. नुसतं पायलं. अन् माहा हात मांडीवरून उठलाच नाई. पाच जनाइचं पोट त्या हातावर व्हतं.”

शंकररावानं कपबशी ठेवून दिली.

“मंग दुसरा हात?” वच्छलाबाईनं विचारलं.

“पाटलाच्या चौघाइत त्याचा सालदार बसवला व्हता. गिनतीले. हा तो. ज्याच्या जागी घोंगडं चाललं असतं म्हन्ते.” ती निवृत्तीकडं बघत होती. “धनी समोर बसला असताना यानं हात वर केला. संध्याकाळी याचं गाठोडं वाड्याबाहेर पडलं. गाव मले हार घालाले आलं तवा हा वेशीतून जात व्हता. मी हार घालून घेतला. बोलली नाई. इतके वर्सं त्या हिरीचं पानी पिऊन राह्यलो आमी, घोट घेतला का मले याचा हात दिसते. अन् हा इथं बसून तो बी मलेच देऊन राह्यला.”

वाकडा भोंगा वाजवत एस्टी फाट्यावर आली. कंडक्टर अमडापूर, अमडापूर ओरडत होता. ती उठली नाही.

“काऊन सांगतो असं, भाऊ?”

निवृत्तीजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असे. रेड्याच्या नोकरीलासुद्धा होतं.

त्यानं एक हात खाली घेतला. दुसरा वरच राहिला.