अर्धा राहिलेला हुकूम

मित्रांनो, जरा जवळ या. मी तिवस्याकडच्या एका शाळेचा जुना ढोल आहे, आणि आता मला मोठ्यानं बोलता येत नाही.

एके काळी माझा थाट काय वर्णावा! गळ्यात पट्टा, अंगावर लाल रंग, आणि माझ्या ठोक्यावर सारी शाळा पाय उचलायची. मग शाळेत स्पीकर आला आणि माझी रवानगी मोडक्या बाकांखाली झाली. उंदरांनी माझ्या कातड्याची कड कुरतडली. विचारतो कोण?

मला बाहेर काढलं जानरावांनी. ते फौजेतले निवृत्त हवालदार. मुलांना कवायत शिकवायची त्यांना फार हौस. पण घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज कुजबुजीवर आलेला. म्हणून आधी ते माझ्यावरच शिकवू लागले. एक ठोका म्हणजे डावा पाय, दोन झटपट ठोके म्हणजे थांबा. मारायचे मात्र तळहातानं, हळूच. "याले जोरानं मारू नका रे, फाटन," म्हणायचे. ते ऐकलं की मला ती कुरतडलेली कड आठवायची.

एकदा ते मुलांना म्हणाले, "हुकूम वरडून काहून देतेत, मालूम हाय? रणात घसा पुरत नव्हता, तं नगारा बोले. मंग ठासणीच्या बंदुका आल्या. मानसं खांद्याले खांदा लावून उभे. एकानं आदी चाप ओढला का बाजूच्याचं तोंड भाजे. म्हनून एकानं वरडाचं अन् साऱ्याईनं संगंच कराचं." म्हणजे त्या ओरडण्याच्या मुळाशी भीतीच होती तर!

हुकूम द्यायला त्यांनी निवडली आचल. शेतकरी किसनरावांची ही नववीतली पोर. तुरीच्या वावरातून रानडुकरं हाकलायची, तेव्हा तिची हाक पार नाल्यापलीकडे जाई. पण मैदानात उभी केली की हुकूम पुटपुटल्यासारखा निघे.

"वावरात कोनी आयकत नाही जी," ती म्हणाली. "इथं सारे पायतेत."

"पाहू दे," जानराव कुजबुजले. "आदी लांब शब्द, म्हंजे सारे सावध होतेत. मंग दुसरा शब्द आखूड, तोडून टाक. पन अर्धा सोडू नको पोरी. तुह्या तोंडाकडं कान लावून चालतेत ते."

सव्वीस जानेवारीच्या आधीची ती रंगीत तालीम. मैदानाच्या टोकाला पाण्याच्या पाइपासाठी चर खणलेली, छातीइतकी खोल, तळाशी दगड. तिच्या अलीकडे चुन्याची रेघ. रेघेवर थांबायचं, एवढंच. मी जानरावांच्या खुर्चीपाशी होतो.

तुकडी मंचासमोर आली. आचलनं हुकूम दिला, "दाहिने देख!" साऱ्या माना उजवीकडे वळल्या. उजव्या टोकाच्या मुलानं तेवढं समोर पाहायचं असतं, पण तो तापानं घरी होता. त्याच्या जागी उभ्या केलेल्या पोरीनं गडबडीत आपलीही मान वळवली. झालं! समोर बघणारं कोणीच उरलं नाही.

मंचापाशी किसनराव येऊन उभे होते, लेकीची कवायत बघायला, पहिल्यांदाच. आचलची नजर नेमकी त्यांच्यावर पडली. "सामने..." ती ओरडली आणि पुढचा शब्द आलाच नाही.

देवा रे! पाय थांबेनात, माना वळेनात. "देख" आल्याशिवाय समोर बघायचं नाही, "थम" आल्याशिवाय थांबायचं नाही, हे पोरांच्या हाडात भिनलेलं. रेघ मागे पडली. सगळ्यांत पुढे आचलच होती, नजर अजून बापाकडेच. जानराव उठले, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. पण बाहेर आला तो नुसता वारा. मंचावरच्यांना वाटलं, पोरं काय झकास चालतात! टाळ्या सुरू झाल्या.

जानराव माझ्याकडे वळले. त्यांच्या हातात काठी होती. मित्रांनो, मी घाबरलो. खोटं कशाला बोलू? मला फाटायचं नव्हतं.

धाड! कड चरचरली. धाड! आणि मी वरपासून खालपर्यंत उभा फाटलो.

सारे पाय जागच्या जागी थांबले. आचलच्या बुटापुढची माती ढासळून चरीत पडली, खडे दगडांवर आपटले. तेव्हा तिनं खाली पाहिलं आणि मटकन बसली. किसनराव धावत आले. तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

संध्याकाळी ती माझ्याजवळ आली. माझ्या फाटक्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "लय लागलं का रे तुले?" आणि रडली. रडून झाल्यावर माझ्या पोकळ पोटात तोंड घालून ओरडली, "परेड... थम!" माझं सारं अंग घुमलं.

सव्वीस तारखेला चर बुजवलेली होती. तरी आचल रेघेवरून नजर हलवीना! तिचा "थम" अख्ख्या गावानं ऐकला.

मित्रांनो, मला शिवता आलं तर शिवा, निदान उंदरांपासून तरी राखा. आणि उद्या तुमच्या शब्दावर कोणी चालू लागलं, तर शब्द अर्धा टाकू नका. त्यांच्या माना तुम्ही वळवलेल्या असतात. पुढची चर तुम्हालाच बघावी लागते.