चौदा उलट्या पट्ट्या

वाचनालयाची नवी तीन मजली इमारत सोमवारी उघडायची होती आणि शुक्रवारी अकरा वाजता अग्निसुरक्षेचा निरीक्षक ती तपासायला येणार होता. बाहेर पडायच्या दारांवरच्या पाट्यांचं काम एका बाईने घेतलं होतं. ती दहालाच हजर झाली, सोबत नणंद. नणंदेला जन्मापासून दिसत नाही. ती ब्रेलच्या छापखान्यात मुद्रितं तपासते. घरात तिला सगळे ठकी म्हणतात. वहिनीच्या पाट्या सगळ्यांत आधी आपण वाचायच्या, असा तिचा हट्ट होता.

"वीज गेली तरी वरचे हिरवे दिवे दीड तास जळतात," वहिनी कौतुकाने सांगत होती. "बाण थेट जिन्याकडे. आणि ही दाराच्या कडीच्या बाजूला तुमच्यासाठी ठिपक्यांची पट्टी. जमिनीपासून मोजून लावलीय, एक सूत इकडेतिकडे नाही."

ठकीने पट्टीवरून बोट फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं. मग तिचे खांदे हलायला लागले.

"वहिनी, यावर काय लिहून घेतलं होतंस?"

"'बाहेर'. दुसरं काय लिहिणार?"

"इथे 'ठेस' लिहिलंय. मध्ये एक पूर्णविराम घुसलाय, शेवटी दोन चुकार ठिपके आहेत, पण वाचायचंच म्हटलं तर 'ठेस'. पट्टी उलटी लावलीस गं."

वहिनी मटकन पायरीवर बसली. चौदा दारं, चौदा पट्ट्या, आणि सगळ्या तिनेच एका दमात चिकटवलेल्या. ठकी भिंतीला हात लावत पुढच्या दाराशी गेली. "इथेही ठेस," ती म्हणाली. त्यापुढच्या दाराशी तिला धड बोलताच येईना. खरं तर वहिनीला रडू यायला हवं होतं, पण तिलाही हसू फुटलं आणि दोघी भिंतीला टेकून पोट धरधरून हसल्या.

मग पदर खोचून कामाला लागल्या. वहिनीने पिशवीतून गरम हवेची गन काढली. पट्टी तापवायची, मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढायचा, सुटली की ठकीच्या हातात द्यायची. ठकी चाचपून वरची बाजू सांगायची, की नवी टेप लावून चिकटवायची. नऊ पट्ट्या झाल्या आणि निरीक्षक दहा मिनिटं आधीच टपकला. ठेकेदार त्याला पाठीमागे फूटपट्टी म्हणत, आणि त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"हे काय चाललंय?"

खोटं बोलणं वहिनीच्या जिवावर आलं. तिने सगळं सांगून टाकलं, 'ठेस'सकट.

त्याने हातातली यादी तिच्यापुढे धरली. "यात एवढंच आहे," तो म्हणाला. "पट्टी आहे का, उंची बरोबर आहे का. ठिपके मला कुठे वाचता येतात? अकरा वर्षं मी नुसत्या खुणा करतोय, बाई." आणि त्याला उचकीसारखं काहीतरी आलं. ते हसू आहे, हे दोघींना जरा उशिराच कळलं. "किती इमारतींत 'ठेस' असेल हो?"

उरलेल्या पाच पट्ट्यांना त्याने कोट काढून मदत केली. ठकीने त्याला डोळे मिटायला लावले आणि त्याचं बोट धरून पहिलं अक्षर शिकवलं. "दोन ठिपके, एकाखाली एक. हा ब." मग गडी असा पेटला, की चौदाच्या चौदा दारं मिटल्या डोळ्यांनी तपासीन म्हणाला. दुसऱ्या मजल्यावर खांबावर आपटला, 'माफ करा' म्हणाला, आणि खांबाची माफी मागितली हे कळल्यावर तिथेच खाली बसून हसत राहिला. शेवटी मुख्य वीज बंद करून त्याने दिवे पाहिले, पुरता दीड तास पाहिले, आणि इमारत पास केली.

मंगळवारी त्याचा ठकीला फोन आला. "आमच्या कार्यालयाच्याच दारावर मला ब सापडत नाहीये. तुम्ही येऊन बघाल का?"

आता दर गुरुवारी छापखान्यातून सुट्टी घेऊन ठकी त्याच्याबरोबर इमारती तपासत फिरते. रीतसर नेमणुकीचं पत्र आहे. ती संध्याकाळी घरी येते तेव्हा तिची आई वहिनीला हळूच विचारते, "ही नक्की कामालाच जाते ना गं? इतकी खिदळत कोण येतं कामावरून?"