घड्याळजींनी उघडलेला कॉम्प्युटर

मी टेबलाखालचा डबा बोलतोय. कॉम्प्युटर म्हटलं की तुम्ही सगळे टेबलावरच्या पडद्याकडे बघता. कौतुक त्याचं, शिव्याही त्यालाच. खरं काम मी करतो, खाली, पाय ठेवायच्या जागेशेजारी धूळ खात.

मला या घरात आणलं तेव्हा घरातल्या सूनबाई एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायच्या. आमची जोडी चांगली जमली होती. मग त्यांना मुलगी झाली, नकाशे थांबले आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. अधूनमधून कोणीतरी फोटो साठवायला मला सुरू करायचं. बाकी वेळ माझ्या डोक्यावर एक कुंडी असायची. पाणी जपून घालायचे, एवढं मात्र खरं.

सात वर्षांनी सूनबाई पुन्हा माझ्यासमोर बसल्या. त्याच ऑफिसने एक नकाशा पाठवला होता. दुरुस्त्या करून गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत परत करा, जमलं तर पुढचं काम तुमचं. सूनबाईंनी तो उघडला आणि माझी दातखीळ बसली.

तीन मजल्यांचा नकाशा आणि माझी रॅम तुटपुंजी. रॅम म्हणजे माझा ओटा समजा. ओटा लहान असला की एक भांडं ठेवायला दुसरं उचलावं लागतं. मी दोन दिवस तेच करत होतो. एक भिंत सरकवली की सूनबाई चहा करून यायच्या, तरी भिंत जागेवरच. निम्मं काम झालं आणि मी पुरता अडून बसलो. त्यांनी रॅमच्या दोन मोठ्या पट्ट्या मागवल्या, त्या हातात पडल्या गुरुवारी दुपारी. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सोमवारी बघतो. आणि खरं सांगू का ताई, नवीनच घ्या."

"मी बसवतो," सासरे म्हणाले.

सासरे म्हणजे घड्याळजी. चाळीस वर्षं लोकांची मनगटी घड्याळं उघडली आणि मिटली. आता दुकान बंद करून घरी बसलेले.

"बाबा, हे घड्याळ नाही हो."

"माहीत आहे. याला काटे नाहीत," असं म्हणून ते चष्मा पुसायला लागले.

सूनबाईंच्या मनात नव्हतं, पण दुसरा इलाज नव्हता. घड्याळजींनी माझी वायर काढली, मला पांढऱ्या कापडावर आडवं केलं आणि बाजूचं झाकण उघडलं. निघालेले स्क्रू बशीत ओळीने मांडले. रबरी फुग्याने माझी सात वर्षांची धूळ उडवली. इतक्या हळुवारपणे मला आजवर कोणी हात लावला नव्हता. माझ्या जुन्या पट्ट्या निघाल्या, नव्या खाचेत ठेवल्या गेल्या. सूनबाईंनी बटण दाबलं.

पडदा काळा. मी ओरडलो. बोलायला माझ्याकडे तेवढंच आहे. पीं, पीं, पीं.

गोष्ट साधी होती. पट्टी खाचेत टेकली होती, बसली नव्हती. ती बसायला अंगठ्यांनी चांगली दाबावी लागते. पण घड्याळजींचा हात एकाच शिस्तीत वाढलेला. जिथे जोर लागतो तिथे थांबायचं, नाहीतर काहीतरी तुटतं. ते थांबले होते.

"जुन्या परत लावून बघू," ते म्हणाले. जुन्याही तशाच अलगद टेकवल्या. पीं, पीं, पीं.

सूनबाईंनी घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते. "निम्मं काम यातच आहे, बाबा. आता हे सुरूच होत नाही. मी नको म्हणत होते तुम्हाला. घरात रिकामं बसवत नाही म्हणून माझ्याच कामावर प्रयोग करायचे का?"

घड्याळजींना लागलं होतं, मला दिसत होतं. खिशातलं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं आणि एक जुनी आणि एक नवी पट्टी खिडकीपाशी नेली. बराच वेळ तिथेच उभे होते.

"इकडे ये जरा. जुनी बिघडली नव्हती, तरी आता चालत नाही. म्हणजे दोष पट्टीत नाही, माझ्या बसवण्यात आहे. हे सोनेरी दात बघ. जुनीच्या दातांवर पार वरपर्यंत ओरखडे आहेत. नवी कोरी आहे. ती आत गेलीच नाही."

"मग दाबा ना."

त्यांनी नवी पट्टी खाचेत ठेवली, दोन्ही अंगठे टेकवले आणि काढून घेतले. पुन्हा टेकवले, पुन्हा काढले. "नाही होत गं. चाळीस वर्षं या हातांना आवरलंय. तू दाब."

"मोडली तर?"

"मोडली तर मी मोडली म्हणू."

सूनबाईंनी दाबलं. खट् आवाज झाला आणि दोघंही दचकले. दुसरी पट्टीही खट् करून बसली. बटण दाबलं तेव्हा मी एकदाच पीं म्हटलं, आणि पडदा उजळला. भिंती बोट लावावं तशा सरकू लागल्या. सहाला दहा मिनिटं कमी असताना नकाशा गेला.

नंतर घड्याळजी माझं झाकण लावायला बसले, पण लावेनात. घड्याळजी लोकांची एक रीत असते. दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणाला आतून बारीक खूण आणि तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढे जो घड्याळ उघडेल त्याच्यासाठी ती असते. त्यांनी सुईने माझ्या झाकणाच्या आत तारीख आणि आपली खूण कोरली, मग सुई सूनबाईंपुढे धरली.

"मी फक्त दाबलं, बाबा."

"तेवढंच राहिलं होतं."

सूनबाईंनी सुई घेतली. "मघाशी मी नको ते बोलून गेले."

"ते कोरायचं नसतं," घड्याळजी म्हणाले.

पुढचं काम सूनबाईंना मिळालं. त्याला आता दोन वर्षं झाली आणि मी अजून टेबलाखालीच आहे. एक दिवस माझ्याच्यानेही होणार नाही आणि मी मोडीत निघेन. त्याचं दुःख नाही. तेव्हा मला जो कोणी सोडवायला घेईल त्याला एवढंच मागणं आहे. झाकण फेकण्याआधी त्याची आतली बाजू बघ. तिथे एक तारीख आहे आणि दोन खुणा आहेत. एक इतकी हलकी आहे की झाकण उजेडात तिरकं धरावं लागेल. दुसरी सहज दिसेल, ती पत्र्यात खोल गेली आहे.