आत्याचा नंबर

स्टुलावर चढून आत्याने भिंतीवरच्या आकड्यांच्या नव्या बोर्डावर काच पुसायचं फडकं टाकलं, खाली उतरली आणि दाराजवळच्या आपल्या लाकडी खुर्चीत हाताची घडी घालून बसली.

फडक्याआडून बोर्ड ‘टिंग’ असा वाजला. बाकावरच्या माणसांनी हातातली टोकनं सावरत वर पाहिलं, तर वर फडकं. मग सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

“मोडक्या काडीवाल्या काकू, तुम्ही चला आत,” ती म्हणाली. “टोकन ठेवा पर्समध्ये. खरेदीची यादी लिहायला होईल.”

चष्म्याच्या या दुकानात वेळ ठरवून कोणी येत नसे. दार ढकलायचं आणि आत्या सांगेल त्याच्या मागे बसायचं, एवढाच रिवाज. तिचा भाऊ दुकान चालवत होता तेव्हापासून दाराजवळची ही खुर्ची तिची. रांग म्हणजे रांग, हे तिचं ब्रीद. जागेचा मालक एकदा तडक आत निघाला होता, त्यालाही तिने बाकाच्या टोकाला बसवलं होतं, आणि तो मुकाट्याने बसला होता.

या दुकानात नंबर दोन प्रकारचे. बाकावरचा नंबर आत्या द्यायची, डोळ्यांचा नंबर आता भाचा काढायचा. दुसऱ्या नंबरच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार होता. आत्याला बाकावरचे चेहरे दिसेनासे होऊन बरेच दिवस झाले होते. आवाज, चाल आणि कपड्यांचा रंग यांवर ती गाडा हाकत होती. मागच्या आठवड्यात नेमके निळ्या शर्टाचे दोघे आले. मागून आलेला आधी आत गेला, आधी आलेला भांडून निघून गेला, आणि आज सकाळी हा बोर्ड भिंतीवर आला. चूक कोणाची हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ती इतकी चिडली होती. आतून तपासणीची अक्षरं वाचल्याचे आवाज येत होते, पण रागाच्या भरात त्यातलं एकही तिच्या कानात शिरलं नव्हतं.

काकूंना सोडायला भाचा दारापर्यंत आला.

“आत्या, फडकं काढ.”

“अरे, इथे माणसं येतात तीच मुळी दिसत नाही म्हणून. त्यांना भिंतीवरचे आकडे वाचायला लावतोस? आंधळ्याला आरसा दाखवतोस तू.”

बाक हसला. भाचाही हसला. मग जवळ येऊन त्याने स्वतःच फडकं ओढलं.

“त्यांचं राहू दे,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुला दिसतोय का आकडा? सांग किती आहे.”

आत्याने वर पाहिलं. पाण्यात लाल रंग सांडावा तसं काहीतरी भिंतीवर पसरलेलं होतं.

“मी काय परीक्षेला बसलेय?”

“नसेल दिसत तर उद्यापासून घरी आराम कर. दारावर मी कोणीतरी बघतो.”

तो मायेने बोलला, आणि तेच तिला जास्त लागलं. घरातली आरामाची खुर्ची तिला माहीत होती. खिडकीजवळची. शेवटी शेवटी भाऊ तिथेच बसायचा आणि चहा कधी येतो याची वाट बघायचा. आत्या उठली.

“तपास मग माझे डोळे.”

“ये आत.”

“अशी कशी येऊ? शेवटी कोण आहे?”

“मी,” एक ड्रायव्हर म्हणाला. “पण आत्या, तुम्ही जा की पुढे.”

“गप्प बसा. तुमच्या मागे मी.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्या बाकावर बसली. बाक कडक होता. बसल्या बसल्या तिने ओठांतल्या ओठांत अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ घोळवली. दाराशी बसून ती ओळ तिने इतक्यांदा ऐकली होती की झोपेतून उठवलं तरी म्हणाली असती. दर वर्षी दुकान मिटल्यावर भाचा तिचे डोळे तपासायचा, ती तपासणी ती त्याच जोरावर मारून न्यायची.

ड्रायव्हर बाहेर आला. “आत्या, तुमचा नंबर.”

आतल्या खुर्चीत ती ताठ बसली. समोरच्या पांढऱ्या उजेडाकडे तिने पाहिलं आणि न अडखळता सुरू केलं.

“शेवटची ओळ. ग, ट, म, फ, ल. उलटी म्हणून दाखवू?”

भाच्याने भिंगांची पेटी उघडली, पुन्हा मिटली.

“आत्या, बोर्डाबरोबर तक्ताही नवा आलाय. आज सकाळी लावला.”

तिला रडू आलं, आणि त्या रडण्याचाच तिला राग आला.

“मग बघत काय बसलास? भिंगं घाल. रांगेत बसून आलेय मी, अशी उठायची नाही.”

त्याने तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग सरकवू लागला.

“हे बरं की हे?”

“आधीचं.”

“आणि आता?”

आता तक्त्यावर अक्षरं उभी राहिली होती. पण आत्या तक्त्याकडे बघतच नव्हती.

“तुझे कानाजवळचे केस पिकलेत.”

“कधीचेच.”

“बोलला नाहीस कधी.”

“तू तरी कुठे बोललीस?”

आत्या उठली आणि फ्रेम तशीच डोळ्यांवर ठेवून दाराकडे निघाली.

“अगं, फ्रेम दे. पुढच्याला तपासायचंय. तुझा चष्मा व्हायला वेळ लागेल.”

“लागू दे. तुझ्या वडिलांची तपासणीची जुनी फ्रेम कपाटात आहे, ती वापर.”

ड्रायव्हरनंतर येऊन बाकावर बसलेल्यांचे चेहरे तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहून घेतले. मग मान वर केली.

“हा बोर्ड चुकतोय,” ती म्हणाली. “अजून सातच दाखवतोय. सात नंबर ड्रायव्हरचा होता.”

“तू आत होतीस ना. तुझं टोकन नव्हतं, म्हणून बटण दाबलं नाही.”

“मग आता दाब.”

बोर्ड वाजला. आत्या आपल्या खुर्चीत बसली, नाकावरची फ्रेम तिने नीट केली आणि म्हणाली, “आठ नंबर. या.”