लिसांद्रोच्या दारातल्या खुर्च्या

लिसांद्रो गेला तो अख्ख्या गल्लीशी भांडून गेला. माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, तरी सांगते: देवाने त्याला जीभ दिली आणि लगाम द्यायला विसरला. समोरच्या तुलियाच्या कोंबड्याशीसुद्धा त्याने अबोला धरला होता!

त्याची शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली होती आणि बाहेर गल्लीत सावलीला खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्या हेत्सेमानी वस्तीत मेलेल्याची पत खुर्च्यांवरून ठरते. माणसं येतात, कॉफी पितात, डॉमिनो खेळतात, त्याचे किस्से सांगून हसतात, मग सगळे मिळून त्याला पोचवायला जातात. दुपार टळत आली तरी एकही खुर्ची भरली नव्हती. समोरच्या खिडक्यांचे पडदे मात्र सारखे हलत होते.

"कुणीच आलं नाही गं," माझी बहीण तोमासा म्हणाली. "असा एकटाच जाणार का तो?"

"कर्म त्याचं!" मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात बंदरात लागलेल्या मोठ्या बोटीवरचे पाहुणे गल्लीत शिरले. लाल नाकं, गवती टोप्या, गळ्यात कॅमेरे. शहराच्या जुन्या तटबंदीवरून फिरून फिरून पाय मोडलेले. खुर्च्या दिसल्या, आणि हॉटेल समजून बसले की सगळे! त्यातल्या एका ढेरपोट्याने चुटकी वाजवून माझ्याकडे मेन्यू मागितला.

"मेन्यू? थांब मेल्या, झाडूच आणते!"

"बसू दे," तोमासाने माझा हात धरला. "खुर्च्या भरलेल्या तरी दिसतात. कॉफी दे त्यांना."

आता काय बोलणार? दिली कॉफी. वर नारळाच्या वड्याही दिल्या. ढेरपोट्या विचारतो, बर्फ नाही का? मी दातओठ खात हसले.

मग त्यांच्यातली एक म्हातारी संडास शोधत आत गेली ती थेट पेटीवर जाऊन थडकली. अशी किंचाळली, की मला वाटलं आता लिसांद्रोच उठून तिच्याशी भांडतो. बाहेर येऊन तिने आपल्या माणसांना सांगितलं मात्र, सगळ्यांच्या टोप्या उतरल्या. आता पळतील, असं मला वाटलं. पण नाही! एकेक जण आत गेला, तोमासाचा हात हातात घेऊन आला. ढेरपोट्या तर ढसाढसा रडायलाच लागला. त्याला कुणाची आठवण आली होती देव जाणे, पण दाराजवळच्या खुर्चीत बसून तो नाक शिंकरत राहिला.

हे मात्र गल्लीला सोसवेना. परक्यांनी रडायचं आणि आपण पडद्याआड? तुलिया घरातली खुर्ची डोक्यावर घेऊन आली.

"हे कोण गं रडणारे?"

"लिसांद्रोची माणसं," मी ठणकावलं.

"कसली डोंबलाची माणसं! ह्यांना काय माहीत आहे त्याचं?" असं म्हणत ती खुर्ची टेकवायच्या आतच डोळे पुसायला लागली.

मग कोण थांबतंय? न्हावी आला, पाववाला आला, जो तो आपली खुर्ची आणि आपलं भांडण घेऊन. "मला गाढव म्हणाला होता!" "हॅ, मला तर खेचर!" त्यावरूनही जुंपली, कारण आपण कमी शिव्या खाल्ल्या हे कुणीच कबूल करेना. गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

शेवटी फर्मिन आला. डॉमिनोच्या एका डावावरून त्याचं आणि लिसांद्रोचं वैर, तेही दोघांचे केस काळे होते तेव्हापासूनचं. रोज सकाळी दोघे आपापल्या दारात उभे राहून एकमेकांचा उद्धार करायचे. फर्मिनने खुर्ची आणली नव्हती. तो काठी टेकत सरळ ढेरपोट्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ऊठ. ही जागा माझी. तू त्याच्याशी एकदा तरी भांडलायस का?"

भाषा कळली नसेल, पण सूर कळला. ढेरपोट्या उठला. फर्मिन बसला आणि आत पेटीकडे बघत राहिला.

"उद्या सकाळी उठून मी भांडू कुणाशी?" तो म्हणाला.

तोमासा दारात आली. सकाळपासून कोरडे असलेले तिचे डोळे आता वाहत होते.

"मी आहे ना," ती म्हणाली. "आणि तो डाव तूच खोटा खेळला होतास."