आज तू खाली उभी राह

मोनाली दवनीवाड्याची वायरमन. गावात लाइट गेली की ती कमरेला दोर बांधून खांबावर चढायची, आणि तिची सहा वर्षांची खुशबू खाली मान वर करून उभी राहायची. बाईमाणसाला हे शोभते का, असं कोणी म्हटलं की पोरगी फणकारायची, "मंग बसा ना अंधारात!"

परवा वादळात मोनालीचा पाय सटकला. ती दोरावर लोंबकळली, कशीबशी सावरली आणि हसत हसत खाली उतरली. "काही नाही होत वो," ती म्हणाली. खुशबू मात्र घरी येईपर्यंत तिच्या कमरेचा दोर घट्ट धरून चालली.

दुसऱ्या दिवशी मोनाली अंगणात येऊन पाहते तर पोरगी जांभळाच्या पार शेंड्यावर! जांभळाची फांदी कधी कडकन मोडेल याचा काय नेम?

"खुशबू! उतर आधी, पडशीन ना!"

"काही नाही होत."

"थांब, मीच येते वर."

"खबरदार वर आलीस तर! मी रोजच खाली उभी राहते. आज तू राह."

मोनाली दोन्ही हात पसरून, मान वर करून खाली उभी राहिली.

"आता हासून दाखव ना, माय!" वरून आवाज आला.