मोटरीले हळद

निरोप द्यावा तर आमच्या अमरावतीकरांनीच. जाणाऱ्याची गाडी चुकेपर्यंत देतात.

एकसष्ट सालच्या माघातली गोष्ट. जानराव ड्रायव्हरची शालू मास्तरीण झाली, मोहल्ल्यातली पहिली. सोमवारी सकाळी अकराच्या आत अकोल्याच्या मुलींच्या शाळेत हजर व्हा, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल, असा हुकूम आला होता. सहाची एसटी धरायचं ठरलं, आणि साडेपाचलाच अख्खा मोहल्ला स्टँडवर. एकेकाचा हार, एकेकाचं भाषण. देवमन मेंबर तर बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या दिवसापासून जे सुरू झाले, ते शालूच्या मॅट्रिकपर्यंत यायच्या आत एसटी निघून गेली. बडनेऱ्याची आगगाडी त्याच्याही आधीच गेलेली, आणि पुढची एसटी थेट दुपारची. गळ्यात सतरा हार घालून शालू तिथंच उभी.

"कावून थांबवली नाही बे कोनी?" जानराव ओरडला.

"तुमीच तं टाळ्या वाजवून राहिले होते, मामा!"

ते मात्र खरं होतं.

चार वर्षं जानरावला जो भेटेल तो एकच विचारत होता, 'पोरीले हळद कवा लावतं?' सख्खी बहीण पार्बताबाई दर सणाला एक स्थळ घेऊन यायची आणि जाताना ऐकवून जायची, 'शिकून का कलेक्टर होनार हाये?' त्याचं सगळ्यांना एकच उत्तर, 'आंदी नौकरी, मंग हळद.' आता नोकरीच हातची गेली तर काय तोंड दाखवायचं?

तो धावत वकीलसाहेबांच्या बंगल्यावर गेला. त्यांच्याकडेच तो बारा वर्षं ड्रायव्हर होता. मोटर लढाईच्या आधीची, जानराव तिला म्हातारी म्हणायचा. तिच्या इंजिनाचं हेड गॅस्केट जात आलं होतं. म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधली पट्टी. ती फाटली की पाणी नको तिथं शिरतं, इंजिन तापतं आणि मागून पांढरा धूर निघतो. नवी पट्टी मुंबईहून यायची होती, ती येतच होती.

"जानराव, ही बडनेऱ्याच्या पुढं जाणार नाही, असं तूच सांगितलं होतंस," साहेब म्हणाले.

"सांगतलं होतं साहेब. पन तवा शालूची एसटी चुकली नोती."

साहेबांनी हसून किल्ली दिली. म्हणाले, "मोटर गेली तर गेली, पोरगी पोचली पाहिजे."

म्हातारी निघाली. साठ मैलांचा रस्ता, आणि दर पाच-सहा मैलांवर बाईसाहेबांना तहान. थांबायचं, निवू द्यायचं, फडक्यानं झाकण हळूच उघडायचं, डब्यातलं पाणी पाजायचं, की पुढं. जानराव सारखा तिच्याशी बोलत होता. चढावर 'चाल माझी माय' म्हणायचा, आणि चढ संपल्यावर जे म्हणायचा ते मास्तरणीनं ऐकण्यासारखं नव्हतं.

"बाबा, मले समजून नाही राहिलं, हासू का रडू?"

"हास. रडलं तं पानी वाया जाते. ते हिले लागते."

मूर्तिजापूर गेलं. बोरगावच्या अलीकडे मात्र म्हातारीनं एक लांब उसासा टाकला आणि ती उभीच राहिली. डबे कोरडे. पावणेदहा झालेले, अकोला दहा-बारा मैल. रस्त्याकडेला विहीर होती, पण हा खारपाणपट्टा. ते पाणी गुरं पीत नाहीत, तर मोटर काय पिणार!

नशीब बलवत्तर म्हणून समोरच्या भाजीच्या मळ्यात लग्नाचा मांडव होता. दुर्गाबाई माळणीच्या लेकीची त्या दिवशी हळद. चार कोसांवरून बैलगाडीनं आणलेलं गोडं पाणी पिंपांत भरून ठेवलेलं. जानराव डबा घेऊन गेला आणि मांडवाच्या दहा हात अलीकडेच थांबला. दीक्षा घेऊन चार वर्षं झाली होती, पण जन्माची सवय, पाय आपोआप थांबले.

दुर्गाबाईनं पाहिलं. "अहो भाऊ, तितून काय मांगता? पानी का मी फेकून मारू? या ना मांडवात!"

तो आत गेला. पाटावर त्याला बसवलं, आधी प्यायला पाणी दिलं, मग डबे भरले. शेजारी बायका हळद वाटत होत्या. त्या वासासरशी जानरावला त्याचा उस्ताद आठवला. चंद्रभान मिस्त्री म्हणायचा, काहीच उपाय उरला नाही तर पाण्यात हळद घालावी, बारीक भेग बुजते.

"बाई, वाटीभर हळद भेटन काय?"

"कोनाले लावता?"

"मोटरीले."

मांडवात असा हशा पिकला की नवरी पाटावरून उठून बघायला आली. पण गोष्ट कळल्यावर दुर्गाबाईनं वाटी नाही, पातेलंच उचललं. मोटरीजवळ शालूनं बादलीत दोन्ही हातांनी हळद कालवली, कोपरापर्यंत पिवळी झाली. म्हातारी निवाल्यावर जानरावनं ते पाणी तिला पाजलं. बायका काय ऐकतात! त्यांनी मोटरीच्या दिव्यांना, नाकाला हळद फासली आणि तिच्याभोवती गाणी धरली.

"नवरदेव कुठचा वं हिचा?" एकीनं विचारलं.

"अकोल्याचा," शालू म्हणाली. "अन् अकराले दार लावून घेते!"

मग पळापळ. साऱ्या बायकांनी मिळून मोटर ढकलली. म्हातारी खोकली, शिंकली आणि चालू लागली. दहा मैल तिनं पाणी मागितलं नाही. मागून धूर निघायचा, त्याला कढी उकळल्याचा वास. शाळेच्या फाटकाशी थांबली तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती.

शालू धावत आत गेली. जानराव फाटकाशी उभा, टोपी हातात चुरगाळलेली. शाळेची घंटा झाली. थोड्या वेळानं ती बाहेर आली.

"झाली सही बाबा. पन हजेरीबुकावर माहा पिवळा अंगठा उमटला. मोठ्या बाई म्हने, 'काय गं, लग्नातून उठून आलीस का?'"

जानरावनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. चार वर्षं सगळा गोतावळा जे विचारत होता ते त्या हातांवर कोपरापर्यंत लागलेलं होतं.

"तुह्या आत्याले कार्ड टाक," तो म्हणाला. "लिही का पोरीले हळद लागली म्हना. बापाच्या म्हनन्यापरमानं, नौकरीच्या दिवशीच."

भरल्या रस्त्यात, मोटरीला टेकून, तो लहान पोरासारखा रडला.

शालूनं पिवळ्याच हातानं त्याचे डोळे पुसले. "पुरे बाबा. पानी वाया जाऊन राहिलं. म्हातारीले अजून साठ मैल वापस जाचं हाये."